जिला ‘जा’ म्हटलं ती

मंडळी, ऐका! आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो, आणि उत्तराची घाई करू नका. आपण ज्याला ‘नको’ म्हणतो — ते जातं कुठं?

सोपं वाटतंय? बघा हं. घरातला केर काढला — उकिरड्यावर जातो. उष्टं उरलं — म्हशीच्या पाटीत जातं. जुनी साडी बोहारणीला दिली — ती तिच्या गाठोड्यात जाते आणि तुमच्या घरात एक पातेलं येतं. टाकलेल्या प्रत्येक वस्तूला जायला एक जागा आहे! पण माणसानं स्वतःमधलंच काही टाकलं तर? त्याला कुठला उकिरडा? त्याची बोहारीण कोण?

परवा एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “महाराज, माझं बरंच वजन कमी झालं.” मी म्हटलं, “अभिनंदन! कुठं ठेवलंत?”

हसलात? तेही हसले. आमचे मृदंगाचार्य धोंडीबा तर सगळ्यांत जास्त हसतायत. त्यांना काही विचारायची सोय नाही! त्यांनी आयुष्यात काही टाकलेलंच नाही — सगळं जपून पुढं ठेवलंय! वाजवा, धोंडीबा, वाजवा. रागावू नका.

अहो, त्या दाराशी कुणी ताई उभ्या आहेत, त्यांना जरा जागा करून द्या. ताई, बसून घ्या... नाही? उभ्याच राहता? बरं, तुमची मर्जी.

तर मंडळी, गोष्ट लांबची नाही. आपल्या विट्यातली आहे. पद्मजा बाबर नावाची बाई. नवरा विश्वास, त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान — शेतातली मोटर जळाली की लोक त्याच्याकडं पळत येतात. घरात सासू, सोप्यात झोपाळ्यावर बसून दिवसभर शेंगा फोडणारी. आणि एक मुलगी, जुई. पहिलीला जाते, दात पडलाय, पण झोपायला अजून आईची मांडीच लागते. मांडीवर डोकं, तोंड पोटात खुपसलेलं, आणि आईच्या दंडाचं मांस मुठीत धरलेलं. असं धरलं की पोर झोपली!

पद्मजा अंगानं भरलेली. आता भरलेली म्हणजे काय, जुईच्या वेळी बाळंतपणाला माहेरी राहिली, आणि तिच्या आईनं तिला असं खाऊ घातलं की विचारू नका. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, वर तुपाची धार. “खा गं, दोन जिवांची झीज भरायचीय,” असं म्हणायची. लेकीला सासरी धाडलं, आणि वर्षाच्या आत ती माऊली गेली. आईच्या मागं पद्मजाकडं काय उरलं? एक इरकल साडी, एक खलबत्ता आणि अंगावरचं ते वजन. पण असा हिशेब बाई मांडत नाही हो. तिला ते फक्त मांस दिसतं.

पुतणीच्या लग्नात काय झालं, सांगतो. स्टेजवर फोटो चालले होते. सगळं घराणं रांगेत. फोटोवाला म्हणाला, “त्या जाड्या मावशी जरा मागं व्हा, फ्रेम भरलीय.” आता असं बोलणारे फोटोवाले असतातच, ते सोडा! पण पद्मजानं बाजूला नवऱ्याकडं बघितलं. आणि विश्वास हसत होता.

तो काही दुष्ट नव्हता. चारचौघांत मिसळून हसतात तसा हसला, आणि विसरूनसुद्धा गेला. पुरुषांना विसरायला किती वेळ लागतो? हे बघा, बायका माना डोलवायला लागल्या! पण ते हसू पद्मजाच्या काळजात काचेसारखं रुतून बसलं. घरी आली, न्हाणीत गेली, कडी लावली आणि बादलीत नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांच्या जिममध्ये नाव घातलं.

आता आमच्या म्हाताऱ्यांना जिम ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हार्डवेअरच्या दुकानावर वरचा मजला. खिडक्यांना पडदे, दारात पाटी — ‘पुरुषांना प्रवेश नाही’. आत मशिनी मांडलेल्या, पण रांगेत नाही हं! गोलात! एक हातानं ओढायची, एक पायानं ढकलायची, एक गुडघ्यांनी दाबायची. दोन मशिनींच्या मधे लाकडी फळी, तिच्यावर जागच्या जागी पळायचं. भिंतीवर स्पीकर, त्यात धडधड गाणं, आणि गाण्याच्या मधेच एक बाई ओरडणार — “बदला!” की उठायचं, आणि पुढच्या जागेवर. तुम्ही उठलात की तुमच्या जागेवर मागची! जागा गार व्हायच्या आत दुसरी बसलेली! असा गोल फिरायचा. मोकळी जागा ठेवायची नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मंडळी. मी पुढं तुम्हाला विचारणार आहे.

गोलाच्या मधोमध उभ्या शर्वरी मॅडम. त्या शिकवायच्या. काडीसारख्या बारीक. चालल्या तर फळी वाजायची नाही. बायका सकाळी पहिल्या तुकडीला गेल्या तर मॅडम आत हजर, संध्याकाळी शेवटची बाई निघाली तरी मॅडम आतच. कुणी त्यांना जिना चढताना बघितलं नाही. कुणी उतरतानाही बघितलं नाही.

आणि एक गंमत. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणतात का? कधी नाही! कितीही लांब चालली असली तरी बाई म्हणते, “येते हं.” आणि घरातली म्हणते, “या.” म्हणजे परत या. दार उघडं आहे. जिममधल्या बायकाही घाम पुसत उतरायच्या, “येते हं मॅडम!” पण मॅडम कधी ‘या’ म्हणायच्या नाहीत. नुसत्या बघत राहायच्या.

त्या जिमचा एक नियम होता. गोल सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मोठ्या आरशासमोर उभं राहायचं. अंगावरचं जे नको असेल ते दोन्ही हातांनी धरायचं — कुणी पोट, कुणी दंड, कुणी हनुवटीखालचं — आणि आरशात बघून मोठ्यानं म्हणायचं, “मला तू नकोस. जा.”

बायका खिदळत म्हणायच्या. रिटायर झालेल्या पाटीलबाई तर म्हणायच्या, “जा बाई, आणि जाताना गुडघेदुखीपण घेऊन जा!” असं हसत म्हटलेलं लागत नाही. तोंडातून निघतं आणि वाऱ्यावर जातं.

पद्मजा नाही हसली. तिनं पोटाची वळी दोन्ही मुठीत धरली. जिथं जुईचं तोंड असायचं, तीच. आरशात स्वतःच्या डोळ्यात बघितलं. कानात नवऱ्याचं हसू वाजत होतं. आणि दात आवळून, जीव तोडून, शिवी द्यावी तशी म्हणाली —

“मला तू नकोस. जा!”

हॉलमधलं गाणं चालू होतं, पण बायका म्हणतात, एक क्षण सगळं गप्प झालं. आरशातली पद्मजा बोलली नव्हती. तिचे ओठ हलले नव्हते. तिनं फक्त मान खाली घातली. एखाद्याला पंगतीतून उठवलं की तो कसा मान खाली घालून उठतो? तशी. आणि मॅडम पाठीमागून हळूच म्हणाल्या, “शाब्बास.”

वाजवा, धोंडीबा... नको, राहू द्या. थोडं गप्पच राहू द्या.

त्या संध्याकाळी पद्मजा घरी आली. दिवेलागणीची वेळ. बघते तर देवापुढं निरांजन लागलेलं, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या. तिनं सासूला विचारलं, “आत्ती, भात तुम्ही लावलात?”

सासू शेंगा फोडता फोडता म्हणाली, “मी कशाला लावतीय? तूच की आत गेलीस मगाशी. बोलली पण नाहीस. जिमला जाऊन तोंड शिवून आलीस का काय?”

पद्मजाला वाटलं, म्हातारी विसरभोळी झाली.

मग जुई. पोर आतल्या खोलीत गाढ झोपलेली. मांडी नाही, कुशी नाही, आणि झोपलेली! गादीवर तिच्या डोक्याशी एक खळगा पडलेला. मोठा, खोल. कुणीतरी भारी माणूस मांडी घालून बसावं आणि आत्ताच उठावं, तसा. पद्मजानं हात लावला. मंडळी, गादी ऊन होती!

जुई अर्धवट जागी झाली. “कुणी झोपवलं गं तुला?” तर पोर म्हणते, “तूच की. तू आज गाणंपण म्हटलंस. म्हणालीस, हे आज्जीवालं.”

आज्जीवालं गाणं म्हणजे पद्मजाच्या आईचं. आई गेल्यापासून पद्मजानं ते कधी म्हटलं नव्हतं. तिला ते पुरतं आठवतही नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, महाराज, तिनं तिथंच ओळखायला पाहिजे होतं. हो! पण दुसऱ्या दिवशी जिममध्ये काटा खाली आलेला दिसला! मग कोण विचार करतंय? कपडे सैल व्हायला लागले. शेजारणी म्हणाल्या, “पद्माताई, काय खाता हो?” विश्वास म्हणाला, “अगं, चांगली दिसायला लागलीस की!” बाईला वाटलं आपण हवेत चाललोय.

आणि चाललीच होती हो हवेत. गल्लीतलं कुत्रं तिच्या अंगावर भुंकायचं बंद झालं, तिच्याकडं बघेनासंच झालं. रिक्षात बसली तर रिक्षावाला मागं वळून म्हणायचा, “बसलात का?” घरी येऊन सासूशेजारी झोपाळ्यावर बसली, तर झोपाळा हललाच नाही. करकरला नाही. सासूनं शेंगांचं सूप उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं — सरळ, जागा रिकामी असल्यासारखं. मग दचकून म्हणाली, “अगं बया, तू हायस होय इथं?”

जुने ब्लाऊज आता ढगळ झाले. पद्मजानं त्यांचं गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं, बोहारीण आली की द्यायचं म्हणून. एक दिवस पाहते तर मागच्या दोरीवर त्यातला एक धुऊन वाळत घातलेला. दोन दिवसांनी दुसरा. काखेत घामाचा ताजा पट्टा. कुणीतरी ते घालत होतं, मंडळी! आणि रोज थोडे घट्ट व्हायला लागल्यासारखे ते शिवणीपाशी ताणलेले होते.

विश्वास रात्री जेवताना म्हणाला, “पिठलं काय झालंय गं आज! तुझ्या आईच्या हातचं आठवलं.” पद्मजा ताटाकडं बघत बसली. तिनं पिठलं केलं नव्हतं. ती तर आत्ता घरात आली होती. आणि तिला कळेना की नवरा बोलतोय तो तिच्याकडं बघून, का तिच्या मागं चुलीपाशी.

ती मागं वळली नाही. तुम्ही वळला असता? खरं सांगा. त्या टाळकऱ्यानं तर आत्ताच मागं बघितलं!

रात्री जुईला जवळ घेतली. पोरीनं सवयीनं दंड मुठीत धरायला हात नेला. मुठीत काही आलं नाही. डोकं मांडीवर ठेवलं तर गुडघ्याचं हाड टोचलं. पोर उठली, तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली, आणि रडवेली होऊन म्हणाली, “मला ती आई पाहिजे.”

बास. इतके दिवस पद्मजाला वजन जायला हवं होतं. आता कळलं की पोर चालली!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ती जिमला गेली, पण गोलात नाही शिरली. सगळ्या बायका ‘येते हं’ करून उतरेपर्यंत भिंतीला टेकून थांबली. मग मॅडमच्या समोर उभी राहिली.

“मॅडम, माझ्या घरात कोण आलंय?”

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “तू जिला जा म्हणालीस, ती. आणखी कोण?”

“पण मी तर जा म्हटलं!”

“मग ती गेली की. पण जाणार कुठं, पद्मजा? तिला एकच घर माहीत आहे.”

मॅडम खिडकीपाशी गेल्या. पडदा बोटभर सरकवला. खाली रस्त्यापलीकडं एक साधं घर, अंगणात तुळस. एक गोरीगोमटी, भरल्या अंगाची बाई तुळशीला पाणी घालत होती. पद्मजानं तिच्याकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं. तोच चेहरा! फक्त तिच्या गालावर मांस होतं आणि मॅडमच्या गालावर नव्हतं!

“छान सांभाळते सगळं,” मॅडम म्हणाल्या. “माझा मुलगा बारावीला चांगला पास झाला. तिनं पेढे वाटले. मी इथून बघितलं. मीही एकदा धावत गेले होते गं घरी. तीही शुक्रवारचीच संध्याकाळ. तिनं दार उघडलं, ‘या, बसा’ म्हणाली, मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली. मी गोंधळून पदर पुढं केला. उंबऱ्याबाहेर उभं राहून आपल्याच घरची ओटी घेतली मी. तेव्हापासून त्या घरात मी पाहुणी. आणि ओटी भरलेली पाहुणी काय करते? निघते.”

“मग आम्हाला का म्हणायला लावता ते? का?”

आता ऐका, मंडळी, ती काय म्हणाली. आवाज चढवला नाही. लहान पोरासारखी म्हणाली, “एकटी किती फिरू? गोल पुरा व्हायला बायका लागतात.”

आणि गाणं बंद असताना, वीज नसताना, स्पीकरमधली बाई बोलली — “बदला!” पद्मजाच्या मागं सगळ्या मशिनी एकदम हलल्या. कुणी बसलेलं नव्हतं. फळ्या वाजत नव्हत्या. पण दांडे वरखाली होत होते!

पद्मजा धावली! जिना उतरली, पाय वाजले नाहीत. रस्त्यातून धावली, कुणी बाजूला झालं नाही, लोक तिच्यातून गेल्यासारखे गेले. दिवेलागण झाली होती. आपल्या दाराशी आली, दार लोटलेलं. स्वतःच्या घराचं दार, आणि मंडळी, तिला ते ढकलता येईना. दारापेक्षा ती हलकी झाली होती. तिनं कडी वाजवली.

आतून सासूचा आवाज आला, “कोण आलंय गं?”

आणि तिचाच आवाज. तिचाच! “कुणी पाहुण्या दिसतात, आत्ती. तुम्ही बसा, मी बघते.”

दार उघडलं.

समोर पद्मजा उभी. फोटोवाल्यानं मागं ढकलली ती. गोल हात, गोल हनुवटी, अंगावर आईची इरकल साडी, आणि माळ्यावरच्या गाठोड्यातला तोच ब्लाऊज. अंगाला मेथीच्या लाडवांचा वास. हातात ताट, ताटात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ, खण. आणि पदराआडून जुई डोकावत होती. तिनं बाहेरच्या बाईकडं बघितलं आणि विचारलं, “आई, या मावशी कोण?”

काय झालं असेल हो त्या जिवाचं! देवानं कुठल्याही आईच्या कानावर हे शब्द घालू नयेत.

आतली बाई काही राक्षसीण नव्हती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच तर भयंकर! ती प्रेमानं म्हणाली, “या. लांबून दमून आलात.” वाकली, पद्मजाच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग खण, नारळ, ओंजळभर तांदूळ उचलले आणि म्हणाली, “पदर पुढं करा.”

पद्मजाच्या अंगावर जिमचा टी-शर्ट, गळ्यात ओढणी. आणि मंडळी, हात आपोआप ओढणीकडं गेला! आपल्या बायकांच्या अंगात ते मुरलेलं आहे. सवाष्णीनं ओटी धरली की पदर पुढं होतो. नाही म्हणायचं नसतं! ओढणीचं टोक धरलं गेलं. पसरलं गेलं. तांदूळ हातातून सुटणार...

आणि तिला मॅडमची खिडकी आठवली. पडदा बोटभर सरकवून आपलं घर बघणारी!

तिनं ओढणी सोडली.

“थांब,” म्हणाली. “तू मला कुंकू लावलंस. मी अजून तुला लावलेलं नाही.”

आहे ना रीत? यजमानीण पाहुणीला लावते, मग पाहुणी यजमानणीला उलट लावते. त्याशिवाय ओटी पुरी होते का? विचारा या आज्ज्यांना! आतली बाई ताट धरून थबकली. कारण रीत तिलाही माहीत होती. दोघींना एकाच आईनं शिकवली होती!

पद्मजानं बोट कुंकवात बुडवलं. समोरच्या चेहऱ्याजवळ नेलं. इतक्या जवळून तिनं स्वतःला कधी बघितलंच नव्हतं. आरशात बघायची ती काय कापून टाकायचं ते शोधायला. आज बघितलं, तर त्या गोल हनुवटीत तिची आई होती. त्या दंडावर जुईच्या मुठीची खूण होती.

आतली बाई हळू आवाजात म्हणाली, “तूच जा म्हणालीस गं. मला दुसरं कुठलं घर माहीत होतं? तू जागा सोडलीस, मी बसले. मोकळी ठेवू कशी? पोर रडत होती.”

आता विचारतो, मंडळी, मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं! त्या गोलात रोज काय शिकवत होते तिला? तू उठलीस की तुझ्या जागेवर दुसरी बसणार! शिकवत होतेच की! हिनं ऐकलं फक्त “बदला”!

पद्मजानं कुंकू टेकवलं. आता पाहुणीनं म्हणायचं असतं — येते. जिभेवर तो शब्द आला होता. ती म्हणाली असती, तर संपलं होतं. तिनं तो गिळला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली,

“ये. माझं चुकलं गं. तू ये.”

ताट खाली पडलं! खणखणत सगळ्या सोप्यात फिरलं. तांदूळ उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर. आणि पद्मजा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला अशी धप्पकन बसली की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या! जिमची पँट टरकन उसवली!

सासू ओरडली, “अगं हळू! कालच फरशी बसवून घेतलीय!”

हसा, हसा! पद्मजापण हसली. हसता हसता हुंदका फुटला. दारात दुसरं कुणी नव्हतं. जुई पुढं आली, आईच्या मांडीवर डोकं टाकलं, हात वर नेला, दंडाचं मांस मुठीत धरलं आणि म्हणाली, “आई, आज उंबऱ्यात का बसलीस?” आणि झोपली. तिथंच. दिवेलागणीला झोपू नये म्हणतात, पण कुणी उठवलं नाही तिला.

विश्वास दुकानातून आला तेव्हा बायको तशीच बसलेली. तिनं त्याला लग्नातल्या फोटोची आठवण करून दिली. “तुम्ही हसला होता.” एवढंच म्हणाली. तो हात न धुता, ग्रीसचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, “मला माफ कर, पद्मा. मला कळलंच नव्हतं.”

आता बाहेर गेल्यावर असं सांगू नका हं की महाराज व्यायामाच्या विरुद्ध आहेत! डॉक्टर मला शिव्या देतील! व्यायाम करा. घाम गाळा. साखर वाढली असेल तर पेढा बाजूला ठेवा — धोंडीबा, प्रसादाचा एकच! पद्मजापण पहाटे सासूला घेऊन रेवणगावच्या वाटेनं चालायला जाते. थोडी उतरलीय अंगानं. पण ती देहाला हाकलत नाही आता, बरोबर घेऊन चालते. घरातलं म्हातारं माणूस चालवतो ना आपण, हाताला धरून? तसं.

अहो, हा देह तुमचा गडी आहे का, की चूक झाली की ‘जा’ म्हणावं? यानं तुम्हाला वागवलं. यात कुणाचे तरी लाडू आहेत, कुणाच्या तरी रात्री आहेत. तुम्ही आरशापुढं उभे राहता आणि काय काय बोलता! नाकाला बोलता, रंगाला बोलता, टकलाला बोलता. पोरीला बोलता, “किती काळी झालीस, आत जा.” म्हाताऱ्याला बोलता, “आता तुमचं काय काम?” ज्याला बोलता, तो सगळं ऐकतो हो. मान खाली घालतो. आणि जातो. मग एक दिवस आपण आपल्याच दाराशी उभे, आणि आतून कुणी विचारतं, कोण पाहिजे? काय सांगाल? नाव सांगाल? नाव तर आतल्यानं घेतलेलं असतं!

म्हणून एक करा. आत्ता, इथं. अंगाचा जो भाग तुम्हाला नकोसा आहे, त्यावर हात ठेवा. लाजू नका. गुडघ्यावर ठेवा, पोटावर ठेवा, पांढऱ्या केसांवर ठेवा. ठेवला? आता मनातल्या मनात देवाचं नाव घ्या आणि त्याला म्हणा — ये.

...बघा, सभामंडप किती गप्प झाला.

एक सांगायचं राहिलं. पद्मजा दुसऱ्या दिवशी मॅडमना आणायला गेली होती. जिमला कुलूप. मॅडम कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. पण आसपासच्या गावातले लोक सांगतात, कुठं कीर्तन असलं की एक काडीसारखी बाई दाराशी येऊन उभी राहते. आत येत नाही. बसा म्हटलं तर बसत नाही, कारण बसायला आधी आत यावं लागतं. आणि तिला कुणी ‘या’ म्हटल्याला किती वर्षं झाली!

मघाशी मीही तिला ‘बसा’ म्हणालो. ‘या’ म्हणालो नाही.

मागं वळून बघू नका, मंडळी. घाबरू नका. ती काही न्यायला आलेली नाही. टाळ खाली ठेवा आणि सगळे एका आवाजात म्हणा. बायकांनी मोठ्यानं म्हणा, तुमचा आवाज तिला आधी पोचेल —

या!

या, बाई. आत या.

...सरका जरा. जागा द्या त्यांना.